तळ्याकाठचे तीन दगड

पाऊस संपला हे आमच्या गावाला ताडपत्र्या सांगतात. एखाद्या सकाळी घराघरांपुढे त्या पसरलेल्या दिसतात, निळ्या, काळ्या, पिवळ्या. बाया ताडपत्रीखाली शिरून वर बघतात. जिथून उजेड आत येतो तिथं भोक. खालून त्या भोकाला बोट लावायचं आणि वरच्या माणसानं तिथं ठिगळ चिकटवायचं. लहानपणी मला हे काम फार आवडायचं. आत सगळा निळा उजेड असायचा. मायचं तोंडही निळं दिसायचं, आणि भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके तिच्या कपाळावर, गालावर हलत राहायचे. भोकं बुजवूच नयेत असं मला वाटायचं.

यंदाही ताडपत्र्या पसरल्या, ठिगळं लागली, गाड्या आल्या आणि गेल्या. मी हे जालन्यातल्या खोलीवर बसून लिहितो आहे. खिडकीखालच्या रस्त्यावरून अजूनही मागं राहिलेली एखादी गाडी जाते. वर पेट्या, गोधड्या, भांड्यांची पोती, आणि त्या ढिगावर डोक्याला रुमाल बांधून बसलेली माणसं. गाडी वळली की सगळी एकाच बाजूला कलतात. परीक्षेचं पुस्तक समोर उघडं आहे. मी मात्र त्या गाडीतल्या बायांमध्ये एक चेहरा शोधतो. तो चेहरा कधीचाच पुढं गेला आहे, हे मला माहीत असतं, तरी शोधतो.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माय आणि अण्णा ऊस तोडायला जातात. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी येते आणि हसनाबादहून आत असलेलं आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ती माणसं उन्हाळ्यातच परत दिसतात. तोवर त्यांचं घर म्हणजे फडाजवळची कोपी. चार बांबू, वर उसाचं पाचट आणि ताडपत्री, वाकून आत शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. एका फडातला ऊस संपला की कोपी मोडायची आणि पुढच्या फडाजवळ उभी करायची. चौथीपर्यंत मीही त्यांच्यासोबत जायचो. मग आत्यानं मला गावी ठेवून घेतलं, म्हणून शाळा सुटली नाही.

पाऊस सरणं आणि गाडी येणं यांच्या मधे थोडेसे दिवस असतात. त्यांना आमच्याकडे काही नाव नाही. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस नुकता फुटायला लागलेला असतो. बांधावर कुरडूचे गुलाबी तुरे, रस्त्याच्या कडेला तरवडाची पिवळी फुलं. ऊन कोवळंच असतं, पण त्यात एक घाई असते. आमच्या घरातली सगळी बोलणी याच दिवसांत होतात, कारण नंतर बोलायला समोर कुणी नसतं. हेच दिवस मला सगळ्यात जास्त आवडतात आणि याच दिवसांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हे नीट सांगता येतंय की नाही, माहीत नाही. पण त्यातला एक दिवस आणि एक सकाळ मला लिहून ठेवायची आहे.

भोकरदनच्या उत्तरेला गेलं की अजिंठ्याचे डोंगर लागतात. पायथ्याच्या गावापर्यंत जीप जाते, पुढं सागाच्या आणि अंजनाच्या झाडीतून पायवाट. चढ संपला असं वाटतं तिथं डोंगर जरा आत वळतो, आणि त्या वळणात एक तळं आहे. खालचे लोक त्याला नुसतं वरचं तळं म्हणतात. फार मोठं नाही. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठाला ऐकू जाईल, आणि समोरच्या कड्यावरून तीच हाक परत येईल. पण तिथं हाक मारावीशी वाटत नाही. पाणकोंबड्या कमळांच्या पानांवरून पळतात तेव्हा त्यांच्या पायांचा आवाज येतो, इतकं शांत.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला भूगोलाच्या मॅडमनी आम्हाला तिथं शिबिराला नेलं होतं. दिवसभर मापं घेणं, नकाशे काढणं, दगड ओळखणं. तंबू माझ्या वर्गातल्या रिषभनं आणले होते. त्याच्या वडिलांचं जालन्यात ताडपत्रीचं दुकान आहे. या दिवसांत त्यांच्या दुकानासमोर आमच्यासारख्या लोकांची रांग असते. रिषभला ते माहीत होतं, पण त्यानं तसं कधी जाणवू दिलं नाही. तंबू जुन्या पद्धतीचे होते, दोन बांबू, वर जाड कापड, दोऱ्या आणि खुंट्या. खाली तळ नाही, जमिनीवर सतरंजी टाकायची. मी वाकून आत शिरलो आणि माझ्या अंगाला काहीतरी ओळखीचं वाटलं.

शेवटच्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी कुणीही लवकर उठायचं नाही. जाग आली तरी पडून राहायचं आणि समोर बघायचं. एवढाच अभ्यास."

रिषभ म्हणाला, "मॅडम, या विषयात मी पूर्ण जिल्ह्यात पहिला येतो, बघा तुम्ही."

मला अंधारातच जाग आली. मी उठून बसलो. हात आपोआप पायाशी गेला, चप्पल शोधायला.

"कुठं चाललास बे?" रिषभ पांघरुणातून पुटपुटला. "गाडी सुटली का तुझी?"

मी परत आडवा झालो. फार अवघड गेलं. आपण काहीतरी चुकवतोय, कुणीतरी आता ओरडणार, असं वाटत राहिलं. मग हळूहळू उजाडलं. आमच्या तंबूचं तोंड पाण्याकडे होतं आणि पाण्यापलीकडे मावळतीचा डोंगर. ऊन आधी त्या डोंगराच्या माथ्यावर आलं, सालईच्या पांढऱ्या खोडांवर. मग कड्यावर. मग खालच्या झुडपांवर. इतकं सावकाश की ते सरकताना दिसत नव्हतं, फक्त थोड्या वेळानं ते आणखी खाली आलेलं असायचं. शेवटी ते पाण्याला टेकलं आणि पाण्यावरची वाफ एकदम सोनेरी झाली आणि उठून गेली. मी हे सगळं पाठीवर पडून, उशाला हात घेऊन पाहिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ऊन येताना पाहत होतो आणि त्या उन्हात मला काहीच करायचं नव्हतं.

तेव्हा मला माय आठवली. तिनं उगवतं ऊन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलं असेल. पाहिलं असं तरी कसं म्हणू? ते तिच्या वाकलेल्या पाठीवर आलं असेल. ऊन कुठवर आलं हे तिला पाठीच्या तापण्यावरून कळायचं. त्या सकाळी मी मनाशी एक ठरवलं. नोकरी, घर, तसलं मोठं काही नाही. एक सकाळ मायनं इथं अशी पडून राहावं. ऊन पाण्यापर्यंत येईस्तोवर तिनं उठू नये. बस, एवढंच.

कोपीतल्या दिवसांतलं मला फार काही आठवत नाही, पण दोन गोष्टी पक्क्या आठवतात. एक म्हणजे झोपेतून जागं होणं आणि वर कोपी नसणं. गाडी पहाटे यायची, म्हणून उजाडायच्या आत कोपी मोडायची. पण लेकरू झोपलेलं असायचं. मग माय माझ्याभोवतीची कोपी मोडायची. बांबू काढायची, पाचट बाजूला करायची, ताडपत्रीची घडी घालायची, आणि मी तसाच मधे झोपलेला. सगळं गाडीत चढलं की सगळ्यात शेवटी मला उचलायची. कधी मी आधीच जागा व्हायचो. रात्री छप्पर होतं आणि आता आभाळ आहे, याचं मला भय वाटायचं नाही. वाटायचं, घर असंच असतं.

दुसरी गोष्ट चुलीच्या दगडांची. चूल म्हणजे तीन दगड. जागा सोडताना आमच्या टोळीतल्या बाया राख विझवून ते तिन्ही दगड पालथे घालायच्या. जळलेली काळी बाजू खाली, कोरी बाजू वर. मी एकदा विचारलं होतं, "माय, असं काहून करते?"

"म्हणजे परत हितं चूल मांडाया लागत न्हाई."

पण पुढच्या वर्षी पुष्कळदा आम्ही त्याच शिवारात, त्याच बांधाला यायचो. दगड गवतात तसेच पालथे पडलेले असायचे. माय ते सुलटे करायची, फुंकर घालून माती उडवायची आणि जाळ लावायची. निघताना परत पालथे. या रीतीवर तिचा विश्वास होता की नव्हता, मला कधी कळलं नाही. कदाचित तसा प्रश्न तिला पडतच नसावा.

यंदा ताडपत्र्या वाळत असतानाच मी घरी गेलो आणि विषय काढला.

"माय, आपण डोंगरातल्या तळ्यावर जाऊ. एक रात राहू अन् येऊ."

"देव हाय का तिथं?"

"न्हाई."

"मंग जत्रा?"

"न्हाई गं. तळं हाय. झाडी हाय."

"मंग कशाला जायचं?"

"असंच."

"असंच?" तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा ओसरीत कोयत्याला धार लावत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "घ्या! आपल्याला निदान मुकादम तरी नेतो कोपीत राह्याला. हे शिकलेलं पोरगं, आपल्या पायानं चाललं."

"अण्णा, तुम्ही बी चला."

"अन् शेळी कोण पाहील, तुझा प्राचार्य?"

माय हसली. पण तिची अडचण वेगळीच होती. "बाया इचारतीन, कुठं चाललीस. काय सांगू? झोपाया चालले म्हणू?"

शेवटी पोराच्या मनात आहे म्हणून ती तयार झाली. गल्लीत मात्र तिनं सांगितलं, गजूच्या कालेजाचं काम हाय. पिशवीत पीठ, ठेचा, मीठ, चहा-साखर, एक पातेलं, तवा आणि दोन गोधड्या भरल्या. वरून फडक्यात गुंडाळून कोयता ठेवला.

"कोयता राहू दे घरी," मी म्हणालो.

"जंगलात जायचं अन् कोयता न्हाई? येडा हाय का तू?"

रिषभनं तंबू दिला होता. तो पाठीवर आणि पिशवी मायच्या डोक्यावर, असे आम्ही निघालो. एसटीनं भोकरदन, तिथून जीप, मग चालत. चढावर ती माझ्यापुढं होती. मी दम घ्यायला थांबलो की थांबायची, पण बसायची नाही.

तळं दिसलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. खरं सांगायचं तर तळ्याकडे पाहिलंच नाही. तिनं डोळ्यांवर हात धरून एकदा सगळीकडे नजर फिरवली. मला वाटलं, बघतेय. ती म्हणाली, "पानी जवळ हाय, बरं झालं. जळण तिकडल्या अंगाला दिसतं. वारं पान्यावरून यीन."

तंबू उभा करताना आमचं थोडं भांडण झालं. ती म्हणे, तोंड वाटेकडे पाहिजे, आलं-गेलं दिसतं. मी म्हणालो, पाण्याकडेच पाहिजे. "गार लागंन रे बाप्पा," म्हणत तिनं शेवटी माझं ऐकलं. मी खुंट्या ठोकेपर्यंत तिनं तंबूभोवती कोयत्यानं गवत काढून जागा लख्ख केली होती, तीन दगड मांडले होते आणि जळणाची एक मोळी आणून टाकली होती. त्या जळणात आम्ही दोघं आठवडाभर राहिलो असतो.

"बस ना आता."

"बसते की." ती बसली. बसल्या बसल्या काटक्या मोडून एकसारख्या करायला लागली.

वनखात्याचा म्हातारा राखणदार गुरांमागून तिकडून चालला होता. शिबिराच्या वेळी त्याला मी पाहिलं होतं. त्यानं आमचा तंबू, ती मोळी, तो कोयता पाहिला आणि थांबून विचारलं, "काय ओ बाई, काम कुठं लागलं इकडं?"

"काम न्हाई बाबा," मी म्हणालो, "असंच आलोत."

मायनं माझं बोलणं मधेच तोडलं. "पोराच्या कालेजाचं काम हाय." आणि पदर सारखा केला.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. "जाळ तेवढा सांभाळा."

तो गेल्यावर मी तिच्यावर जरा चिडलो. असंच आलो म्हणून सांगितलं तर काय बिघडलं असतं? पण मला आत्ता लिहिताना वाटतं, मीसुद्धा तिला एका कामावरच आणलं होतं. तिनं सुखी व्हायचं, हे काम. आणि ती ते मन लावून करायचा प्रयत्न करत होती.

एक गोष्ट मात्र घडली, ती मी कधी विसरणार नाही. दिवस कलायला लागला तेव्हा ती तोंड धुवायला पाण्यात उतरली आणि तिथंच एका दगडावर बसली. पाय पाण्यात. उसाच्या पातीनं चिरलेल्या पायांवर जुन्या पांढऱ्या रेघा आहेत. त्या पाण्यात लांब-आखूड होत होत्या. एकाएकी ती किंचाळली आणि हसायला लागली.

"आरं गजू! मासुळ्या गुदगुल्या करून राह्यल्या!"

मीही जाऊन बसलो. बारक्या मासोळ्यांचा घोळका तिच्या टाचांच्या भेगांना लागला होता. ती पाय झटकायची, मासोळ्या पळायच्या, परत यायच्या. "निर्लज्ज हायेत बिलकुल," ती म्हणाली. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "म्या पोहायचे, माहीत हाय का तुला? माहेरच्या हिरीत. वरून उडी टाकायचे."

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मला माहीत नव्हतं की माझ्या मायला पोहता येतं.

"मंग आता पोह ना."

"आता कशाला," ती म्हणाली, आणि पाय बाहेर काढून पदरानं पुसले. "भाकरीचं पाहते."

तेवढाच वेळ. खंड्या पक्षी एकदा पाण्यात सूर मारतो आणि परत फांदीवर बसतो, तेवढाच. पण मला वाटलं, झालं. उद्याची सकाळ आता आपलीच.

भाकरी खाताना मी तिला सांगितलं. उद्या उठायचं नाही. ऊन आधी समोरच्या डोंगरावर येईल, मग खाली येईल, मग पाण्यावर. तोवर पडून राहायचं.

"बरं."

"जाग आली तरी उठायचं न्हाई."

"आरं बरं म्हणले ना. झोप आता. सकाळी निघायचंय."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मला जाग आली ती तोंडावरच्या उन्हानं. डोळे उघडले तर वर आभाळ. अगदी निळं, धुतलेलं, आणि त्यात एक घार. त्या क्षणी मी लहान होतो. फड संपला होता, गाडी आली होती, आता माय मला उचलणार होती. मग पाठीखाली सतरंजी लागली आणि अंगावर गोधडी. मी उठून बसलो. तंबू नव्हता. दोन्ही बांबू बांधून बाजूला ठेवलेले. कापडाची घडी, तिला दोरी. तवा घासून पालथा. गवतात फक्त मी, माझी सतरंजी आणि माझ्याभोवती खुंट्यांची भोकं.

ऊन कधीच पाण्यावर आलं होतं. वाफ उडून गेली होती. तळं नुसतं चमकत होतं, दुपारी चमकावं तसं.

माय बोचक्यावर बसली होती. वेणी घातलेली, डोक्यावरून पदर, पायात चप्पल, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कोयता. तिची पाठ तळ्याकडे होती आणि तोंड वाटेकडे.

"माय!"

"उठलास? चहा ठेवलाय झाकून. निवला असंन."

"तंबू काहून मोडला?"

"निघायचं न्हाई का आज?"

"आगं, दुपारच्या जीपनं!"

"मंग मोडून ठेवलेलं बरं. गाडी आल्यावर पळापळ नको."

"इथं कोणती गाडी येणार हाय, माय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग वळून वाटेकडे पाहिलं. सागाची पानं, पायवाट, त्यावर शेळ्यांच्या लेंड्या. तिथं गाडी येणार नव्हती आणि कधी आलीही नव्हती. तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही, मग एकदम लाज उमटली, पाहुण्याच्या घरी हातून कप फुटावा तशी.

"हो की," ती म्हणाली. "अंधारात जाग आली. पडले व्हते रे, तू म्हणलास म्हणून पडले व्हते. पण मंग हातपाय दुखाया लागले पडून."

मी म्हणालो, "बरं. आता तरी इकडं तोंड कर. बघ पाण्याकडं."

ती वळली. मांडीवरचा कोयता न काढता, बोचक्यावर बसल्या बसल्या. कुणी आपल्या लग्नाचे फोटो दाखवतं तेव्हा आपण जसं पाहतो, तसं तिनं त्या तळ्याकडे पाहिलं. मन लावून, मान हलवत. "चांगलं हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा पी. भांडं धुऊन घेते."

चहा घ्यायला चुलीपाशी गेलो तेव्हा दिसलं. राख पाण्यानं विझवलेली आणि तिन्ही दगड पालथे. काळी बाजू खाली. वरची बाजू कोरी, स्वच्छ, जणू तिथं कधी काही शिजलंच नाही. मी एकाला हात लावला. अजून कोमट होता.

मी तो सुलटा करू शकलो असतो. माझ्या मनात आलंही. पण मग मला त्या बांधांवरचे दगड आठवले, जे ती दरवर्षी पालथे घालायची आणि तरी आम्ही तिथंच जायचो. जिथं परत जावंसं वाटत नव्हतं तिथल्या दगडांचं कधी कुणी ऐकलं नाही. आणि मला आतून कळलं की इथल्या दगडांचं मात्र ऐकलं जाणार. इथं ती परत येणार नाही. मी हात काढून घेतला. "चल जल्दी," ती वाटेवरून म्हणाली, "ऊन चढंन."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्याबरोबर तिला झोप लागली. गाडी हलली आणि तिची मान माझ्या खांद्यावर आली. काय झोप होती ती! तोंड किंचित उघडं, हात मोकळे, खड्ड्यांतून बस आदळत होती तरी पापणी हलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची झोप ही गाडीतली झोप आहे. एक काम संपलं आणि दुसरं सुरू व्हायचंय, त्यामधल्या रस्त्यावर कुणी तिच्याकडून काही मागू शकत नाही. तेवढीच तिची जागा. मी तिला डोंगरातल्या तळ्यावर घेऊन गेलो, आणि ती निवांत झाली ती भोकरदनच्या एसटीत. तिला जाग येऊ नये म्हणून मी रस्ताभर हललो नाही. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर येत होतं. तिला ते दिसत नव्हतं.

तंबू परत दिला तेव्हा रिषभ घडीकडे पाहतच राहिला. "अरे, नवा माल येतो ना, त्याची पण इतकी बारीक घडी नसते. कोणी केली?"

"मायनं."

"मजा आली ना काकूंना?"

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर काही दिवसांतच मुकादमाची गाडी आली. पेटी मीच चढवली. माय ढिगावर जाऊन बसली, पदर तोंडाला बांधला, आणि गाडी वळताना सगळ्यांसोबत ती एका बाजूला कलली. हात हलवला की नाही, ते धुळीत दिसलं नाही.

लहानपणापासून माझं एक स्वप्न होतं, प्रत्येक शिकणाऱ्या पोराचं असतं तसं. नोकरी लागली की मायला घरी बसवायचं. कोयता भिंतीला टांगून ठेवायचा. मी त्या स्वप्नाच्या जोरावर अभ्यास केला आहे, थंडीत केला आहे, उपाशी केला आहे. आता पुस्तक उघडलं की ते स्वप्न पुढं येतं आणि मला भीती वाटते. समजा लागली नोकरी. समजा मी म्हणालो, माय, आता जायचं नाही. ती बरं म्हणेल. अंधारात तिला जाग येईल. मी सांगितलं म्हणून ती पडून राहील, आणि पडून तिचे हातपाय दुखतील. मग ती उठेल, वेणी घालेल, आणि माझ्या त्या पक्क्या घराच्या दारात बोचक्यावर बसून रस्त्याकडे पाहील. मला उशीर झाला आहे. मी अजून परीक्षेलाही बसलो नाही, आणि मला उशीर झालेला आहे.

काल दुपारी तिचा फोन आला. ऊस भरून गाडी निघायच्या आधीचा वेळ होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. जेवलास का, पेपर कवा हाय, अंगात सुटर घाल. मी तिला विचारलं, तळं आठवतं का.

"कोणतं? हां, ते. मासुळ्यायचं. आठवतं की."

मग मी विचारलं, जे मी तेव्हापासून विचारलं नव्हतं. "माय, तिथले दगड काहून पालथे घातले?"

"कोणते दगड?"

"चुलीचे. आपण निघालो तवा."

कुणीतरी तिला हाक मारली, तिनं आले आले म्हटलं. मग फोन परत तोंडाजवळ आला.

"ध्यानातच न्हाई बाप्पा," ती म्हणाली. "घातले असतीन हातानं. म्या कुठं पाहून राह्यले व्हते."